मोरीतले केस मोजू नकोस

"मॅडम, माझं वय 24. गाव कराडजवळ, सध्या चाकणला कंपनीत आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. दीड-दोन वर्षांपासून कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे गेलेत आणि भोवऱ्याजवळ टाळू दिसायला लागली आहे. गणपतीत डेंग्यू झाला होता, पाच दिवस ॲडमिट होतो. दिवाळीपासून तर अंघोळ केली की मोरीच्या जाळीवर केसांचा गोळा जमतो, तेही मुळासकट. रोज मोजतो. काल 170 भरले. आई माक्याचं तेल करून पाठवते, ते लावतो. मित्राने सांगितलं म्हणून कांद्याचा रस लावला, तर डोक्याची आग झाली. केसांच्या गोळ्या ऑनलाइन मागवून दोन महिने खातोय. वडिलांना टक्कल नाही, मामांना आहे. रूमवरची पोरं मला 'काका' म्हणतात. झोपतानाच काय ती टोपी काढतो. एका क्लिनिकमध्ये गेलो, त्यांनी मशीनने डोक्याचे फोटो काढले आणि मुळं मरत चाललीत म्हणाले. 65 हजारांचं पॅकेज, आजच बुक केलं तर 45, हप्ते करून देऊ म्हणाले. घरी स्थळं बघायला सुरुवात झालीय. माझ्या चुकीच्या सवयीमुळे तर हे झालं नाही ना, तुम्ही समजून घ्याल. मला तुमच्या मुलासारखं समजून स्पष्ट सांगा."
– चाकणहून एक वाचक

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू जाता जाता लिहून गेलास. गणपतीत डेंग्यू झाला होता, ही. तिथूनच सुरुवात करते, कारण तुझ्या डोक्यावर एकाच वेळी दोन वेगवेगळ्या गोष्टी चालू आहेत असं मला पत्रावरून दिसतंय. त्यातली जी तुला जास्त घाबरवते आहे, तीच कमी काळजीची आहे.

माणसाच्या डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात आणि ते सगळे एकाच पाळीत काम करत नाहीत. शंभरातले 85 ते 90 केस वाढत असतात, आणि हे वाढणं 2 ते 6 वर्षं चालतं. बाकीचे सुट्टीवर. ही सुट्टी साधारण 3 महिन्यांची असते. ती संपली की जुना केस गळतो आणि त्याच जागेवर नवा उगवतो. म्हणून रोज 50 ते 100 केस जाणं हे अगदी धडधाकट माणसाच्याही नशिबात असतं. आता डेंग्यू, टायफॉइड, कोविडसारखा जोराचा ताप येतो, मोठं ऑपरेशन होतं किंवा कुणी उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवतं, तेव्हा शरीर कामावरच्या पुष्कळ केसांना एकदमच सुट्टीवर पाठवतं. ते त्या दिवशी गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी, माणूस हिंडायला-फिरायला लागल्यावर, सगळे एकदम गळतात. गणपतीत ताप आणि दिवाळीत गळती, हा हिशोब तंतोतंत बसतो. दर वर्षी पावसाळा संपला की दोन-अडीच महिन्यांनी माझ्या ओपीडीत अशी मुलं-मुली यायला लागतात, आणि तापाचं कुणीच आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

आता तुझ्या त्या "मुळासकट" शब्दाबद्दल. जाळीवरचा एक केस उचल आणि उजेडात धर. एका टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही बारीक पांढरा ठिपका दिसेल. त्यालाच तू मूळ म्हणतोस ना? ते मूळ नव्हे. सुट्टीवर गेलेल्या केसाचं टोक असंच गाठाळ होतं. तो ठिपका दिसणं म्हणजे केस आपली पाळी पूर्ण करून गळला. केस जिथून उगवतो ती जागा कातडीच्या आत शाबूत आहे. ही गळती सहसा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. केस महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणून पूर्वीसारखा दाटपणा दिसायला वर्ष लागतं. तोवर पोटभर जेवायचं. कडधान्यं, अंडी, दूध, जे परवडतं आणि आवडतं ते. डेंग्यूनंतर तू मेसमध्ये नीट जेवतोस का, हे मला पत्रातून कळलं नाही. ते बघ.

म्हणून पहिलं काम, मोजणी बंद कर. तुझं जे दुसरं दुखणं आहे, कपाळाच्या कडा आणि भोवरा, त्याचा मोरीच्या जाळीशी जवळजवळ काही संबंध नाही.

तिथे केस "गळत" नाहीत, तिथे ते बारीक होत जातात. मी भिंगाच्या यंत्राखाली अशा मुलांच्या कडा बघते तेव्हा चित्र अगदी ठरलेलं असतं: एकाच चौरस सेंटिमीटरमध्ये एक केस काळाभोर जाड, शेजारचा निम्म्या जाडीचा, तिसरा लहान बाळाच्या जावळासारखा पिंगट आणि आखूड. डोक्याच्या मागच्या बाजूला यंत्र नेलं की सगळे केस सारख्या जाडीचे. पुढे आणि मागे एवढा फरक दिसला की निदान बहुतेक झालंच. दर फेरीला तो केस आधीपेक्षा थोडा बारीक आणि थोडा आखूड उगवतो, आणि काही वर्षांनी तो असून नसल्यासारखा होतो. याला आनुवंशिक टक्कल म्हणतात. डॉक्टर त्याच्या 1 ते 7 पायऱ्या करतात. तू लिहिलंयस त्यावरून तू तिसरीच्या आसपास असशील, बघितल्याशिवाय याहून जास्त बोलणार नाही.

हे होतं कशामुळे? टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं संप्रेरक सगळ्यांच्या अंगात असतं. एक विकर (एन्झाइम) त्यातल्या काही भागाचं जास्त तीव्र संप्रेरक बनवतं, त्याला थोडक्यात डीएचटी म्हणतात. हेच डीएचटी दाढी-मिशा आणतं, आणि ज्यांच्या डोक्याच्या पुढच्या आणि वरच्या भागातली मुळं त्याला जन्मतः नाजूक असतात त्यांचे तिथले केस बारीक करतं. मागच्या आणि कानाजवळच्या केसांना त्याचं काही वाटत नाही, म्हणून कितीही टक्कल पडलं तरी ती झालर राहते. हे कळलं त्याची गोष्ट मला फार आवडते. डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातल्या एका खेड्यात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायचं. डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी त्यांचा अभ्यास करून 1974 मध्ये दाखवलं की या मुलांच्या अंगात ते विकरच नीट काम करत नाही. मोठेपणी त्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण डीएचटी अगदी थोडं. आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. पुढे ज्या गोळीबद्दल लिहिणार आहे, तिचा विचार इथूनच सुरू झाला.

तुझ्या सवयीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे, तरी स्पष्ट लिहिते, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी खाली मान घालून विचारतं. हस्तमैथुनाने केस जात नाहीत. टक्कल पडणाऱ्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन इतरांपेक्षा जास्त असतं असंसुद्धा नाही, फरक मुळांच्या नाजूकपणात आहे आणि तो तू जन्माला येतानाच घेऊन आलास. यात तुझी चूक काहीही नाही. हे वाक्य तू परत वाच. हेल्मेटने टक्कल पडत नाही. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, मधेच तुटतात, पण कपाळ मागे सरकत नाही. रात्रपाळीने झोप बिघडते, त्याची काळजी वेगळी घ्यायला हवी, पण भोवऱ्यावरचं टक्कल रात्रपाळीने आलेलं नाही. तू सिगारेट ओढत असशील तर मात्र सोड, तिचा संबंध दिसलेला आहे. आणि रूमवरचं कुणी जिममध्ये स्टेरॉइडची इंजेक्शनं घेत असेल तर त्यापासून चार हात लांब राहा. ज्याच्या घराण्यात टक्कल आहे त्याचं ते फार झपाट्याने आणतं, आणि तो त्याचा सगळ्यात किरकोळ तोटा आहे.

मामांचं म्हणशील तर "मामावर गेलाय" हे आपल्याकडे म्हणतात त्यात तथ्य आहे. या बाबतीतलं एक महत्त्वाचं जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतं. पण ते एकटं नाही, बाकीची पुष्कळ जनुकं दोन्हीकडून येतात. त्यामुळे वडिलांचे केस पाहून निर्धास्त व्हायचं कारण नाही आणि मामांकडे पाहून खचायचंही नाही.

तरीही एकदा प्रत्यक्ष दाखव. केस जाण्याची आणखीही कारणं असतात आणि त्यांचे उपचार निराळे. रुपयाएवढा गोल गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते. खाज, खपल्या आणि तुटके केस असतील तर बुरशी असू शकते. कातडी चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली तर थांबूच नये, कारण ते केस परत येत नाहीत. तुझ्या वर्णनात यातलं काही नाही. पण त्वचारोगाची पदवी असलेल्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय पैसे खर्च करू नकोस. खासगीत जमत नसेल तर पुण्यात ससूनला त्वचारोग विभाग आहे, केसपेपर काढ आणि बस. डॉक्टर पन्नास-साठ केसांची बट दोन बोटांत धरून हळूच ओढून बघतील, भिंगातून बघतील, गरज वाटली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड एवढ्या तपासण्या सांगतील. त्याहून लांबलचक यादी हातात आली तर कशासाठी ते विचारायचा तुला हक्क आहे.

आता ते क्लिनिक. तिथे मशीनने फोटो काढले म्हणजे निदान झालं असं नाही. भिंगाखाली कुणाचीही टाळू भयाण दिसते. डेंग्यूचं किंवा घरात कुणाला टक्कल आहे का, हे कुणी विचारल्याचं तू लिहिलेलं नाहीस, आणि बसल्या जागी 65 चे 45 हजार झाले. औषधोपचारात "आजच बुक केलं तर" असं काही नसतं. तुझं टक्कल दीड वर्षात इथवर आलंय, ते पुढच्या सोमवारपर्यंत थांबू शकतं. ही फसवणूक जुनी आहे, इतकी की आपल्या 1945 च्या औषध नियमांत 'परिशिष्ट जे' (शेड्यूल J) नावाची एक यादी आहे. या यादीतला आजार बरा करतो असा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही, आणि कर्करोग, मोतीबिंदू यांच्या रांगेत त्यात टक्कलही आहे. "टक्कल कायमचं घालवू" असं जो लिहितो तो काय करतोय ते तूच ठरव. आणखी एक बघ. पॅकेज घेणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा तुझ्यासारखी तापानंतरची गळती चालू असते. ती सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि श्रेय पॅकेजला जातं. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने तर त्यासाठी काढलेलं कर्ज फेडत असताना आईच्या चष्म्याचे पैसे पुढे ढकलले होते. मला त्याचा अजून राग येतो.

उपचार आहेत, आणि तू ज्या वयात आणि ज्या पायरीवर विचारतोयस तिथे ते सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. गेलेलं सगळं परत आणण्यापेक्षा असलेलं टिकवणं सोपं. दोन औषधं आहेत ज्यांच्यामागे भक्कम पुरावा आहे.

पहिलं मिनॉक्सिडिल. ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, त्यावरून ते डोक्याला लावून पाहिलं आणि 1988 मध्ये अमेरिकेत लावायच्या औषधाला मान्यता मिळाली. पुरुषांसाठी 5 टक्क्यांचं, 1 मिलिलिटर, दिवसातून दोनदा, कोरड्या डोक्याला. केसांना नाही, कातडीला. केस बाजूला करून थेंब टाळूवर टाकायचे आणि बोटांनी पसरायचे, मग हात धुवायचे, चार तास डोकं ओलं करायचं नाही. तुझ्या पाळ्या बदलतात म्हणून घड्याळ बघू नकोस, झोपण्याआधी थोडा वेळ आणि उठून अंघोळीनंतर, असं बांधून घे. आता नीट ऐक: सुरू केल्यावर दोन ते आठ आठवडे केस जास्त गळतात. बारीक झालेले केस ढकलले जाऊन नव्यांना जागा होते म्हणून. निम्मी मुलं इथेच घाबरून बाटली फेकून देतात. तुझी डेंग्यूची गळती चालू असताना हे सुरू केलं तर तुला काय कशाने होतंय ते कळणार नाही आणि तू रात्रभर जागशील, म्हणून तुझ्या डॉक्टरला विचार की गळती ओसरेपर्यंत थांबावं का. मी तुझ्या जागी थांबले असते. परिणाम दिसायला 4 ते 6 महिने लागतात, आणि औषध सोडलं की तीन-चार महिन्यांत मिळवलेलं जातं. म्हणजे हे दात घासण्यासारखं रोजचं आहे, हे मान्य असेल तरच हात घाल. खाज, कोंड्यासारखा भुगा काहींना होतो, तेव्हा औषधाचा दुसरा प्रकार देता येतो. छाती धडधडली किंवा पाय सुजले तर लगेच बंद करून डॉक्टरकडे जा.

दुसरी गोळी, फिनास्टेराइड. डॉमिनिकन मुलांच्या अंगात जे विकर कमी होतं, तेच ही गोळी दाबते. आधी 1992 मध्ये 5 मिलिग्रॅमची प्रोस्टेटसाठी आली, केसांसाठी 1 मिलिग्रॅमची 1997 मध्ये. रोज एक घेतली की रक्तातलं डीएचटी साधारण 70 टक्क्यांनी उतरतं. मूळ चाचण्यांत दोन वर्षांनी भोवऱ्यावरचे केस टिकलेले किंवा वाढलेले पुरुष गोळी घेणाऱ्यांत शंभरात 83 होते, नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 28. भोवऱ्यावर ती चांगली चालते, कपाळाच्या कोपऱ्यांवर कमी. हे झालं तिचं चांगलं. दुसरी बाजू लपवणार नाही. त्याच चाचण्यांत इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असे त्रास गोळी घेणाऱ्यांत शंभरात सुमारे 4 जणांना आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत सुमारे 2 जणांना झाले. बहुतेकांचे गोळी थांबवल्यावर गेले, पण काही पुरुष सांगतात की थांबवूनही राहिले, आणि मी त्यांना खोटं पाडत नाही. मनावरही परिणाम होऊ शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2025 मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून नोंदवला. तू पत्रात लिहिलंस की टोपी झोपतानाच काढतोस. मन आधीच इतकं खाली असताना ही गोळी मी तुला पहिल्या भेटीत देणार नाही. आधी मिनॉक्सिडिल, आणि मनाचं बघू, मग तू आणि डॉक्टर समोरासमोर बसून ठरवा. मेडिकलवाल्याकडून किंवा ऑनलाइन घेऊन सुरू करू नकोस. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर निदान महिनाभर रक्तदान करायचं नाही, आणि पुढे लग्न झाल्यावर बायकोला दिवस गेले असतील तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही. मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरला सांगायचं.

पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातला भाग काढून टोचणं. काहींना थोडा फायदा होतो, पण महागडं आहे आणि वरच्या दोन औषधांची जागा घेत नाही. पहिल्याच भेटीत कुणी तिथून सुरुवात केली तर उठून ये.

ऑनलाइन गोळ्या थांबव. हे मी रागाने नाही, काळजीने लिहिते. 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड या गावांकडच्या बातम्या तू वाचल्या असशील. तीन-चार दिवसांत माणसांची टकलं पडत होती, शाळकरी पोरांचीसुद्धा. आधी पाण्यावर संशय गेला. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन नमुने गोळा केले आणि खाण्यातल्या गव्हात सेलेनियम फार जास्त असल्याचं मांडलं. पुढे त्या भागात काहींची नखंही गेली. सेलेनियम जास्त झालं की केस आणि नखं जातात हे वैद्यकशास्त्राला आधीपासून माहीत आहे. आता तुझ्या डबीवरचं बारीक अक्षरातलं लेबल वाच. केसांच्या कितीतरी गोळ्यांत सेलेनियम असतं. एका गोळीतलं थोडंसंच असेल, पण कमतरता नसताना वरून घालून केस वाढत नाहीत, आणि तीन प्रकारच्या डब्या एकदम खाणाऱ्या मुलांना मी बघते. बायोटिनचंही तसंच. त्याची कमतरता फार क्वचित असते, आणि ते चालू असताना थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. तपासणीला जाण्याआधी या गोळ्या खात होतास हे डॉक्टरला जरूर सांग.

कांद्याच्या रसाची गोष्टही हवेतून आलेली नाही. 2002 मध्ये इराकमधल्या डॉक्टरांनी तो लावून पाहिला होता, पण चाई पडलेल्या लोकांवर, आणि मोजक्याच. चाई बऱ्याचदा आपणहूनही भरते. तुझ्या प्रकारच्या टकलाशी त्याचा संबंध नाही. आग झाली म्हणजे कातडीने नको म्हणून सांगितलं, परत लावू नकोस.

केसरोपणाबद्दल तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी सुचवेलच. 24 व्या वर्षी करू नकोस. मागचे केस काढून पुढे लावतात, ते टिकतात, कारण मागच्या मुळांना डीएचटीचं काही वाटत नाही. पण मधले तुझे स्वतःचे केस पुढची दहा वर्षं बारीक होतच राहणार. मग पुढे लावलेला एक पट्टा, मध्ये मोकळं मैदान आणि मागे झालर, असं व्हायला नको. शिवाय मागची ठेव मर्यादित आहे, एकदा काढलेली परत येत नाही. टक्कल कुठवर जाणार हे तिशीच्या आसपास बरंच स्पष्ट होतं, तेव्हा विचार कर. आणि तेव्हाही हातात सुरी कुणाच्या आहे ते विचार. व्हिडिओ बघून हे काम शिकता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये लिहून सांगावं लागलं, यावरून बाजाराची कल्पना कर.

आता रूम, टोपी आणि स्थळं.

माझ्या धाकट्या भावाचे केस 23 व्या वर्षी जायला लागले. मी तेव्हा त्वचारोगाचंच शिक्षण घेत होते. त्याने मला विचारलं तर मी म्हणाले, "अरे, हा काही आजार नाही, अभ्यास कर." शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होतं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तो एकाच फोटोत आहे, मागच्या रांगेत, काकांच्या खांद्याआड, आणि मे महिन्यात डोक्यावर लोकरीची टोपी. तो फोटो मी पुष्कळ उशिरा नीट पाहिला. तेव्हापासून केसांसाठी आलेल्या कुठल्याही मुलाला मी "एवढं काय त्यात" म्हटलेलं नाही. तुला वाईट वाटतंय ते खरं आहे आणि ते लहान नाही. झोप जात असेल, कामावर जावंसं वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर 14416 वर फोन कर. हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, केसांसाठी फोन केला म्हणून कुणी हसणार नाही. आणि रूमवरच्या ज्या एकाशी तुझं बरं पटतं त्याला एकट्याला गाठून सांग की "काका" म्हटलेलं मला लागतं. सगळ्यांसमोर भांडू नकोस. एकाने थांबवलं की बाकीचे थांबतात, असं माझ्याकडच्या मुलांनी मला सांगितलंय.

उपचार न करणं हाही पर्याय आहे, आणि त्यात हार नाही. भावाने पुढे तेच केलं. बारीक केस ठेवले, दाढी राखली, आणि मोकळा झाला. लांब केस आडवे घेऊन टाळू झाकायला गेलं की उलट नजर तिकडेच जाते, तेव्हा औषध घे किंवा नको घेऊ, पुढच्या खेपेला सलूनमध्ये बाजूचे केस मशीनने बारीक करायला सांग आणि वरचे आखूड. विरळपणा निम्मा दिसेनासा होईल.

स्थळाच्या फोटोत टोपी नको, आणि मोबाइलवर केस वाढवलेला फोटोही नको. दाखवण्याच्या कार्यक्रमाला तू आहेस तसा जा. कुणी केसांवरून नाही म्हणेल. ते लागेल, पण लग्नानंतर कळून बोलण्यापेक्षा ते बरं. आईला मात्र आधीच सांग की सहा महिने घाई करू नकोस, डेंग्यूतून उठलाय, वजन भरू दे. हे खोटं नाही, आणि तेवढ्या वेळात जाळीवरचा गोळाही आटोक्यात आलेला असेल.

मोजणीऐवजी एक कर. येत्या रविवारी दिवसाउजेडी खिडकीजवळ उभा राहा, केस कोरडे, टोपी नाही, आणि मित्राकडून तीन फोटो काढून घे: समोरून, वरून, भोवऱ्याचा. मग दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळेला. मधल्या काळात आरशाला विचारायचं नाही. डॉक्टरला दाखवायलाही हेच उपयोगी पडतील.

राहिलं आईचं तेल. माक्याच्या तेलाने टक्कल भरून येतं असा पुरावा नाही, पण केस मऊ राहतात, आणि ती माउली गावाकडे बसून तुझ्यासाठी माका खुडून उकळते, ते बंद करायला मी सांगणार नाही. फक्त तेलाच्या डोक्यावर मिनॉक्सिडिल नीट मुरत नाही. औषध सुरू झालं की आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी सकाळी तेल लाव, तासाभराने शाम्पूने धू, डोकं पूर्ण वाळू दे, आणि रात्रीचं औषध नेहमीसारखं. आईला फोनवर तेल पोचल्याचं सांग.